एबरलेसाहेबांच्या भिंतीवरची बुरशी

समारंभाचे अध्यक्ष श्रीयुत डीटमार फोगेल, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती रोसविथाबाई कीन्त्सले, आणि एस्लिंगन घरमालक संघाच्या बंधुभगिनींनो,

रोसविथाबाई आज संघाच्या सल्लागारपदावरून निवृत्त होत आहेत. नळ गळला, भाडं थकलं, वरच्या मजल्यावर कोणी ढोल बडवू लागलं, की आपण त्यांच्याकडे धावायचो. कशाला? तर ‘तुमचंच बरोबर’ एवढं ऐकायला. तेवढं मात्र त्यांनी कोणालाच कधी ऐकवलं नाही. हसा, हसा! हसणाऱ्यांचे किस्सेही मला ठाऊक आहेत.

मी तेव्हा मालक नव्हतो, रंगारी होतो. पहिल्या रांगेतल्या एबरलेसाहेबांच्या परवानगीने त्यांचाच किस्सा सांगतो. त्यांच्या तळमजल्यावर लिस्बेटआजी हॉर्न भाड्याने राहायच्या. आजींच्या निजायच्या खोलीची भिंत बुरशीने काळी पडली. साहेबांचं म्हणणं, आजी खिडक्या उघडत नाहीत म्हणून ओल धरते, नोटीस देऊन घर खाली करून घ्यायचं. आता सांगा, आपल्या जर्मनीत भाडेकरूवर याहून मोठा आरोप कोणता? एक वेळ चोर म्हटलेलं चालेल!

नोटीस लिहून घ्यायला साहेब रोसविथाबाईंकडे गेले, तर बाई म्हणाल्या, “आधी खोली बघू.” मला भिंत रंगवायला बोलावलं होतंच.

“ही बघा खिडकी!” आजी कडाडल्या. “रात्रंदिवस वरून कलती, फटीएवढी उघडी ठेवलीय. भर जानेवारीत! आणि म्हणे मी उघडत नाही.”

“मग बुरशी काय मी आणून लावली?” साहेब उसळले.

“साहेब, हातमोजा काढा,” बाई म्हणाल्या. “भिंतीला हात लावा.”

“बर्फ आहे नुसता!”

“आजी, इथे तुमचं चुकलं. दिवसभर फट ठेवून हवा बदलत नाही, भिंत तेवढी गारठते. मग तुमच्याच श्वासाचं पाणी तिच्यावर धरतं. पाच मिनिटं सगळं सताड उघडायचं, की बंद.”

साहेब खुलले.

“थांबा साहेब. जुन्या खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आपली आपण निघून जायची. तुम्ही नव्या, घट्ट खिडक्या बसवल्यात, आणि बाहेरची भिंत ठेवलीत थंडीला तशीच उघडी. आता हवा कशी बदलायची, ते आजींना कोणी सांगितलं?”

“बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?”

“तुमच्याच. नवा भाडेकरू आणलात तरी बुरशी इथेच राहणार. ती काही नोटीस घेऊन जात नाही.”

आजी पलंगावर बसल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मी राहू की जाऊ, तेवढं सांगा. या वयात नवं घर कोण देणार मला?”

साहेब वळून माझ्यावर खेकसले, “रंगाचा डबा बंद कर रे! आधी भिंतीला बाहेरून थंडी अडवणारा जाड थर चढवू.” आणि आजींना म्हणाले, “तोवर वरच्या रिकाम्या खोलीत झोपा. पण खिडकी सताड उघडायची हं!”

“उघडीन. तुम्ही तपासायला यायचं नाही हं!”

मंडळी, या सभागृहात आज सगळे मालक आहेत, एक सोडून. निमंत्रण फक्त सभासदांना होतं. साहेबांच्या तळमजल्यावर अजूनही राहणाऱ्या लिस्बेटआजी मघाशी दारात म्हणाल्या, “बाईंना निरोप द्यायला मला कोण अडवतो, बघतेच!” दारात उभे होते एबरलेसाहेब. त्यांनी आजींचा कोट घेतला आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

रोसविथाबाई, आम्हा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर रंगाऱ्याची जीभ म्हणून पोटात घाला. आता मी बसतो. आजींना बाईंना भेटायचंय, त्यांना वाट द्या.