पुस्तक पाहणारा डॉक्टर

दवाखान्याच्या बाकावर मी मॅट्रिकचा भूगोल उघडून बसले होते, पण कान सगळे शेजारी. देवळीहून एक आजी आणि तिचा मुलगा आले होते. त्याच्या मुलीला, रेवाला, आत तपासत होते. तेवढ्यात दवाखान्याच्याच ग्रंथालयातल्या बाई जाडजूड पुस्तक घेऊन आत गेल्या.

"पंजाब, थे कोन गेली? डॉक्टरीन हाय का?"

"नाई माय. पुस्तकं सांभाळते. डॉक्टरसायबानंच बलावलं तिले."

"काऊन? शिकून नाई आला का थो?"

"आला ना. पन रेवाची सूज त्याले समजून नाई राह्यली."

"मंग त्या बाईले काय समजते?"

"कोन्त्या पुस्तकात काय हाय, थे समजते."

"चाल घरी. माह्या नातीवर शिकून राह्यला थो. आपल्या वैद्यानं पाह्यलं का कधी पुस्तक?"

"नाई पाह्यलं. माही बहीन गंगी गेली, तवाबी नाई पाह्यलं. तिलेबी अशीच सूज होती, माय."

उठलेली आजी परत बाकावर टेकली.

"पंजाब."

"हो."

"त्या बाईले इचार, एकच काऊन आनलं? अजून असन त थेबी आना म्हना."