गॅस गिझरच्या नळीत कोंबलेला बोळा

नाव: सुहैर नायफ अक्रबावी, वय ४७, धंदा: मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहणार: चौथा मजला, पूर्व वस्ती, इर्बिद.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवरा गस्सान आणि माझी आई हाजा फिक्रिया, वय ७६, यांच्यासह राहते. पाण्याची टाकी आमच्याच डोक्यावर गच्चीत आहे. टाकी इतकी जवळ, पाण्याला उंची मिळत नसल्याने शॉवरला जोर नव्हता. आई म्हणायची, "यापेक्षा शेळी जोरात मुतते." मी शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये घालून क्षार काढले, अर्ध्या इंचाची नळी बदलून पाऊण इंचाची घातली. फरक पडला नाही. नवऱ्याला तीन हिवाळे सांगत होते. तो म्हणायचा, बघू.

गच्चीवर सौर हीटर होता, पण ढगाळ दिवसांत पाणी कोमटच. विजेच्या गिझरचे पाणी आईची आंघोळ अर्धी झाली की संपायचे. म्हणून मी गॅसचा घ्यायचे ठरवले. तो कमी दाबावर पेटत नाही, म्हणून टाकीखाली पंप बसवला. मिस्त्री जमील यांनी गिझर बाहेर सज्जात लावायला सांगितले होते. तिथे वाऱ्याने ज्योत विझत होती. मी तो बाथरूममध्ये लावायला सांगितले आणि धुराची नळी भिंतीतून बाहेर काढली. हे माझ्या सांगण्यावरून झाले, जमील यांचा दोष नाही.

नळीचे तोंड शेजारी अबू रुश्दी यांच्या सज्जाकडे होते. ते निवृत्त जकात कारकून आहेत. पंप घरघरतो, धुराने धुतलेले कपडे काळे होतात, अशी त्यांची तक्रार होती. मी नळीला कोपर लावून तोंड वर करून देते म्हणाले. जमील दोनदा येतो म्हणून आले नाहीत. तिसऱ्यांदा मी शाळेतून रजा काढली, तेव्हाही आले नाहीत.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास आई आंघोळीला गेली. पंपाचा आवाज चालू होता. पाणी जोरात पडत होते. मी स्वयंपाकघरात मसूर निवडत होते. वीस मिनिटांनी हाक मारली. उत्तर आले नाही. गस्सान नमाजसाठी लवकर निघाला होता. मी अबू रुश्दींचे दार ठोठावले. त्यांनी खांद्याने बाथरूमचे दार तोडले, बेशुद्ध आईला चादरीत गुंडाळले आणि पाठीवर घेऊन चार मजले उतरले.

खाली टॅक्सीत ते मला मुलाच्या नावावरून हाक मारून म्हणाले, "उम्म तारिक, नळीत मी फडक्याचा बोळा कोंबला होता. गिझर बंद पडेल एवढंच वाटलं. अल्लाची शपथ, एवढंच वाटलं."

आईचे डोके माझ्या मांडीवर होते.

शेजाऱ्याने नळीत बोळा कोंबल्यामुळे धूर आत कोंडला आणि आईच्या डोक्यावर परिणाम झाला. पाच दिवसांनी ती इस्पितळातून घरी आली. चालते, जेवते. मला ती तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. गिझर काढला आहे. मी पातेल्यात पाणी तापवून तिला तांब्याने घालते. शॉवरला आता भरपूर जोर आहे.

मी पोलिसांत तक्रार दिली होती. नंतरच्या मंगळवारी अबू रुश्दींच्या घराण्याचे सात वडीलधारे आले. कॉफी पुढे ठेवली, पण प्यायले नाहीत. तक्रार मागे घेण्याचा शब्द मिळाल्यावरच पिऊ म्हणाले. गस्सानने शब्द दिला. सगळ्यांनी कॉफी घेतली. मी बायकांच्या खोलीत होते. मला कोणी विचारले नाही.

नंतर गस्सान म्हणाला, "त्यानंच तिला वाचवलं. आता काय त्याला तुरुंगात घालतेस?"

मी म्हटले, "वाचवलं ते मी लिहून देईन. आधीचंही देईन."

दोन्ही वर लिहिले आहे. शब्द गस्सानने दिला होता, मी नाही. आई माझी आहे. माझी तक्रार कायम आहे.

जबाब मला अरबीत वाचून दाखवला. त्यात "शेजाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीमुळे" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "शेजाऱ्याने नळीत बोळा कोंबल्यामुळे" असे लिहून घेतले. खाडाखोडीच्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.