सीलबंद दुर्बीण

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कॅमेऱ्यांच्या दुकानाचा काउंटर. गिऱ्हाईक एकच, म्हणजे मी. आणि दुकानदार मला विचारतो, "काका, पक्षी केवढाय?"

आता तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली मी, प्रश्न विचारणं हा माझा धंदा, माझी वही उघडलेली बघून भलेभले खुर्चीत चुळबुळायचे, आणि इथे हा कालचा पोरगेलासा दुकानदार मला प्रश्न विचारतोय आणि मला उत्तर देता येत नाहीये! केवढाय म्हणजे? अहो, नीट दिसला असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

भानगड अशी झाली की आमच्या ताईने, वय वर्षं चौऱ्याहत्तर, बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी तिला दोन महिने तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी झोपवून ठेवलं. जिने जन्मभर शाळेत पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, तीच आता खोलीत कोंडलेली! जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी पेपर वाचून दाखवला तर म्हणाली, "तू गेल्यापासून पेपर बरा झालाय," आणि परत भिंतीकडे. आणि एक दिवस अचानक हाक... "अरे, इकडे ये! समोर बघ!" समोर विमा कंपनीची उंच इमारत, तिच्या वरच्या कठड्यावर एक पक्षी, आणि त्याच्या पायाशी काहीतरी पांढरं, वळवळणारं. पिल्लं! ताई कोपरावर टेकून उठून बसली, त्या दिवशी पानातलं सगळं संपवलं, आणि वर म्हणाली, "ससाणा आहे."

"घार आहे," मी म्हणालो.

"घारीची शेपूट खाचेची असते, शहाण्या."

"शेपूट दिसतेय का तुला?"

नव्हती दिसत. मलाही नव्हती दिसत. एक तपकिरी ठिपका आणि आम्ही दोन म्हातारी भांडतोय. खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, चाळीस वर्षं पक्षी बघतात, त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, "ससाणाच वाटतोय. म्हणजे अजून तीन आठवडे, मग पिल्लं उडणार. दुर्बीण आणा." मी म्हटलं, तुमचीच द्या की! तर म्हणतात, "दुर्बीण आणि दातांची कवळी मी कुणाला देत नाही."

तीन आठवडे! आणि ताई माझा हात धरून म्हणते, "एवढं एक दाखव मला." ताईने माझ्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही हो. मागायचो तो मीच.

म्हणून शनिवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी त्या काउंटरवर. दुकानदाराने सहा दुर्बिणी मांडल्या. एकीवर लिहिलंय शंभर पट. मी म्हटलं, खरंच शंभर? तो म्हणाला, "डब्यावर आहे ना, काका." दुसरी दहा पट, तिच्यातून रस्त्यापलीकडची पाटी बघितली तर पाटी नाचायला लागली. म्हणे, "हात थरथरतात तुमचे." तिसरी लावली तर मधे एवढासा उजेड आणि भोवती काळंकुट्ट. म्हणे, "चष्मा काढा." चष्मा काढला तर पाटीच गायब! किंमत ऐकून एक खाली ठेवली, दुसरीची किंमत ऐकायच्या आधीच खाली ठेवली. मी वही काढली आणि विचारलं, भिंग कुठलं, बनवतं कोण, शंभर पट हे कोणी मोजलं, कधी मोजलं, मोजताना कोण हजर होतं? तो म्हणाला, "काका, तुम्ही पक्षी बघणार की आयोग नेमणार?"

मी रिकाम्या हाताने घरी आलो. आणि तिकडे पिल्लं मोठी होत होती.

मग मी शहाण्यासारखं पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "आठ बाय बेचाळीस. आठ पट जवळ दिसतं, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटर. हात स्थिर राहतो, चष्म्यालाही चालते, परवडते. विषय संपला." कोणीही सरळ माणूस तिथून उठून दुकानात गेला असता. पण बातमी एका माणसाच्या सांगण्यावर छापायची नाही, हे माझ्या हाडात भिनलंय! दुसरा कोणीतरी हवा. म्हणून आमच्या पेपरच्या जुन्या फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, "आठ? आठाने काय तुझं नाक बघायचंय? दहाच घे." आता दोघं दोन बोलले की तिसरा शोधायचा, हा नियम. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे डोळे तपासले आणि चष्म्याचा नंबर बदलून दिला. दुर्बिणीबद्दल म्हणाले, "तो माझा विषय नाही." चौथा माणूस शोधण्यात आणखी चार दिवस, आणि तोही म्हणाला, आठच. ताई रोज विचारायची, "आणलीस?" मी म्हणायचो, माहिती गोळा करतोय. ती म्हणायची, "त्यांना पिसं फुटली रे!"

अहो, नुसत्या नजरेनेही कळत होतं. पांढऱ्याची तपकिरी व्हायला लागली होती. मी चौकशी करत होतो, आणि तिकडे पिल्लं मोठी होत होती.

बाराव्या दिवशी घेतली एकदाची! आठ बाय बेचाळीस, सगळ्यांत स्वस्त. घरी आलो, ताईने लहान मुलीसारखे दोन्ही हात पुढे केले... आणि तुम्हाला काय सांगू, इथे माझं नशीब फिरलं. माझ्या खिशात कॉलम मोजायची स्टीलची पट्टी असते, अजून असते, सवय. सहज पुढच्या भिंगावर ठेवली. चौतीस! परत ठेवली. चौतीस. डब्यावर बेचाळीस, बिलावर बेचाळीस, भिंगावर चौतीस! आठ मिलिमीटर गडप!

"दे ना इकडे," ताई म्हणाली.

"थांब. हा पुरावा आहे."

"काय आहे?"

"पुरावा. याला आता हात लावायचा नाही."

मी तसाच दुकानात गेलो. दुकानदार, तुम्हाला खोटं वाटेल, म्हणाला, "काका, पैसे परत घ्या, नाहीतर दुसरी घ्या, मला काही अडचण नाही." म्हणजे बघा! तोंड बंद करायचा प्रकार! मी असल्या गोष्टींना बळी पडणारा माणूस आहे का? मी दुर्बीण घरी आणली, खाकी कागदात गुंडाळली, दोरी बांधली, लाखेचं सील केलं, वर तारीख आणि सही. आणि दुर्बिणीच्या कंपनीला सात प्रश्नांचं पत्र. कारण समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही, कितीही चोर असला तरी!

पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, भर उजेडात चौतीस भरपूर आहे. सगळं दिसेल."

मी म्हटलं, प्रश्न उजेडाचा नाही, तत्त्वाचा आहे.

ताई म्हणाली, "मेल्या, तत्त्वाला चोच असते का?"

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. फोन लावला की सनई की काय ते वाजायचं, मग एक मुलगी म्हणायची, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." मी म्हणायचो, मग उत्तर द्या! ती म्हणायची, "वर पाठवलंय." वर म्हणजे कुठे, गच्चीवर? पुडकं कपाटावर, ताई पलंगावर, दोघं एकमेकांकडे बघतायत. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. परत भिंतीकडे तोंड. मला दिसत होतं सगळं, पण करू काय? सील मीच केलेलं, सही माझी, सील मीच फोडलं तर माझ्या प्रश्नांना कोण विचारणार? आणि तिकडे पिल्लं मोठी होत होती... पंख पसरून कठड्यावर उड्या मारायला लागली होती हो!

एकविसावा दिवस, सकाळचे पावणेआठ. ताई ओरडली, "चालली! चालली ती!" बघतो तर तीन ठिपके पार कडेला. "काढ ते पुडकं!" मी म्हटलं, दोन मिनिटं, कंपनीला शेवटची संधी देतो. आणि तुम्हाला सांगतो, खरंच फोन लावला. माझाच मला राग येतोय, तुम्ही वेगळं काही बोलू नका. सनई वाजतेय, मी खोलीत येरझारा घालतोय, आणि मागे धप्पकन आवाज. वळलो, तर ताई वॉकर धरून स्वतःच्या पायांवर उभी! कपाटापर्यंत गेलेली! वॉकरने पुडकं खाली पाडलं, दाताने दोरी तोडली, सीलचा चुरा, आणि दुर्बीण डोळ्यांना.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "अगं बाई गं... किती स्वच्छ! डोळ्याखाली काळी रेघ आहे! ससाणा! ससाणाच आहे! एक गेलं... अरे, दुसरं गेलं! तिसरं घाबरतंय... जा रे राजा, जा... गेलं!" आणि रडायला लागली. हसत हसत रडत होती.

मी म्हटलं, ताई, मला एक मिनिट...

"पुराव्याला हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

ती उडालेली पिल्लं रोज येतात म्हणे समोर, आईकडून घास घ्यायला. ताई सकाळपासून अंधार पडेपर्यंत खिडकीत उभी असते, डॉक्टर चकित झालेत. दुर्बीण गळ्यात, झोपताना उशीखाली.

आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. सात प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही, एकच ओळ: सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी झालेल्या फोनवरील संभाषणानुसार तक्रार बंद, ग्राहक पूर्ण समाधानी. त्या मुलीने माझ्या हातातल्या चालू फोनवर ताईचं सगळं ऐकलं होतं!

मी लगेच फोन केला. म्हटलं, बाई, बिल माझ्या नावावर आहे, तक्रार माझ्या नावावर आहे, आणि त्या दुर्बिणीतून मी आजपर्यंत एकही पक्षी पाहिलेला नाही. मग समाधानी झाला तो ग्राहक कोण?

तिने सांगितलं, वर विचारून कळवते. आज सोळा दिवस झाले.