गिरिजाकाकूंची पाटी

मंडळी, एक सांगा — जपून ठेवलेलं आपलं, की देऊन टाकलेलं आपलं? हां! मागे खांबाशी बसलेले म्हणताहेत, ठेवलेलं! म्हणणारच. देवळात आलेत तेसुद्धा चपला पिशवीत घालून, मांडीशी घेऊन! ऐका तर मग.

गिरिजाकाकू लग्न होऊन सावंतवाडीकडे आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने, दामूकाकांनी, शिकवलं. कुठे? गोठ्यात! सासूबाईंना वाटे, सून शेण काढतेय, किती गुणाची! आणि आत म्हशीच्या साक्षीनं 'ग म भ न' चाललेलं! काकू घाईघाईनं थुंकी लावून पाटी पुसायला जायच्या, की दामूकाका ओरडायचे — दबक्या आवाजात हो! — "अगं, थुंकी नको! विद्येला थुंकी लावू नये!"

काय दिवस होते ते! गेले. दामूकाकाही गेले. राहिली ती पाटी. वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'गिरिजा', खाली काकूंचं वाकडंतिकडं 'गिरिजा'. काकूंनी ती कधी पुसली नाही. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. दसऱ्याला तेवढी खाली यायची, फूल घ्यायची, पुन्हा वर!

पुढे काकूंचा पुतण्या वसंता आफ्रिकेत गेला, मलावी देशात, विहिरी खणायच्या कामावर. त्याचा फोन आला, "काकू, इथली पोरं मातीत बोटानं लिहितात गं." झालं! गावानं वह्या, पेन्सिली, दप्तरं गोळा केली. काकूंच्या सुनेनं, कुमुदनं, माळा झाडून जुन्या पाट्याही खोक्यात भरल्या.

दसरा आला. काकू म्हणाल्या, "कुमुद, माझी पाटी काढ गं."

कुमुद पांढरीफटक! झाडण्याच्या घाईत धडप्यातली पाटीही त्यातच गेलेली, आणि खोकं कधीच समुद्रापार!

काकू रागावल्या नाहीत, मंडळी. जेवल्या नाहीत. ते जास्त वाईट!

तिसऱ्या प्रहरी वसंताचा व्हिडिओ कॉल. "काकू, ही चिसोमो. तुझी पाटी हिला मिळालीय, पण ही पुसतच नाही! म्हणते, हे दोघांनी लिहिलंय, मी कशी पुसू? मागची बाजू खरबरीत, तिथे अक्षर उमटत नाही. बाकीची पोरं लिहितात, ही पाटी मांडीवर घेऊन नुसती बसते. परत पाठवू का?"

"पाठवा, भाऊजी, पाठवा!" कुमुद म्हणाली.

काकूंनी हातानं तिला थांबवलं. त्या पोरीकडे बघत राहिल्या... बघत राहिल्या.

"शिकायला बसलीय ना ती? मग पुसू दे."

वसंतानं पोरीला तिच्या भाषेत सांगितलं. पोरीनं काय करावं? तळवा तोंडाशी नेला आणि —

"अगं, थुंकी नको!" काकू ओरडल्या. "विद्येला थुंकी लावू नये!"

आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या! शब्द कुणाचे हो? तो लटका राग कुणाचा? अहो, इतकी वर्षं पाटी मुकी होती — पुसायला निघाली, आणि दामूकाका बोलले!

काकू पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, कुमुदला कळेना. मग म्हणाल्या, "वाढ गं. भूक लागलीय."

तर मंडळी, घरी गेल्यावर माळ्याकडे बघा. फुटकंतुटकं द्या म्हणून नाही सांगत — ते तुम्ही देताच! धडप्यात गुंडाळलेलं काय आहे, ते बघा. आत कुणीतरी आपलं माणूस बोलायची वाट बघत बसलंय!