मास्तरांनी नापास केलेल्यांच्या वतीनं

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्रीमान भाईदासशेठ, व्यासपीठ भूषवणारे धुळे शहरातील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती गुरुवर्य तोताराम मास्तर, आणि ज्यांच्या टाळ्यांवर नाटक मंडळ्या जगल्या व ज्यांच्या जांभयांवर बुडाल्या, अशा माझ्या रसिक बंधुभगिनींनो,

इथं उभं राहण्याचा मान खरं तर माझा नव्हता. मास्तरांचे पट्टशिष्य अमीनभाई बोलणार होते. चाळीसगावला त्यांची गाडी चुकली, आणि चिटणीसांनी ऐन वेळी माझा हात धरला. मी म्हटलं, अहो, मला मास्तरांनी नाटक मंडळीत कधी घेतलंच नाही. तर म्हणाले, मग तुम्हीच बोला, बहुमत तुमचंच आहे.

खोटं नाही ते. गिरणाप्रसाद नाटक मंडळीचा मुक्काम पडला की तिचे तालीममास्तर या नात्यानं मास्तर बालनटांची परीक्षा घेत. शंभर पोरं यावीत तेव्हा एखादं निवडलं जाई. कित्येक गावी तेवढंही नाही. मॅट्रिकचा निकाल याहून बरा लागतो. मग मास्तरांचा खरा शिष्यवर्ग कोणता म्हणायचा? निवडलेल्यांच्या तसबिरी त्या एका भिंतीवर मावल्या आहेत. बाकीचे आम्ही सभागृहात मावत नाही. मागं उभे असलेले कचेरीतले दोघे मान हलवताहेत, म्हणजे तेही आमच्यातलेच.

माझी हकीकत सांगतो. एकोणीसशे एकवीस सालचा हिवाळा. आमचं गाव पिंपळनेरजवळ, आणि मी, पुना, नुकता बिगरीतून वर गेलेला. मंडळीत एक बापलेकांची जोडी होती. बाप म्हातारा राजा व्हायचा, लेक त्याचा हरवलेला राजपुत्र. ती जोडीच्या जोडी दुसऱ्या मंडळीनं पळवली. राजाचं काम मालक स्वतः करणार होते. राजपुत्र मात्र पाहिजे होता. माझे वडील झुलाल पाटील, म्हणजे आमचे आबा, यांनी हे बाजारात ऐकलं आणि मला गाडीत घातलं. आई भिकुबाईनं विचारलं, याला येतं काय? आबा म्हणाले, रडता येतं. एवढं मात्र खरं होतं.

धुळ्याला मंडळी उतरली होती त्या धर्मशाळेत ही गर्दी. एका बापानं पोराची भीड चेपावी म्हणून वाटेत भेटेल त्याला मोठ्यानं रामराम घालायला लावलं होतं. धुळं येईतो पोराचा आवाज बसला. दुसऱ्यानं गळा गोड व्हावा म्हणून इतकं ज्येष्ठमध चारलं, की पोर गाण्याऐवजी ओकारीला उठलं. अशांत माझा नंबर लागला. मास्तर मायेनं म्हणाले, तू जंगलात हरवला आहेस, समोर बाप दिसतोय, त्याला हाक मार. मी बघत राहिलो. हस म्हणाले, हसलो नाही. रड म्हणाले. गाडीतून उतरेपर्यंत रडत आलेला मी, तिथं खुंटासारखा कोरडा. तेव्हा मास्तर म्हणाले, "आवाज अजून पिकायचाय." नापास करण्याची त्यांची ही रीत. निकाल ऐकून पोर आनंदानं घरी जाई आणि बाप वर्षभर आवाज पिकायची वाट बघे.

आबांना ते सोसवलं नाही. पोराला एकदा करून दाखवतो म्हणाले. पागोटं बाजूला ठेवलं, गुडघे टेकले, माझे खांदे धरले आणि म्हणाले, "पुना, कोठे व्हता रे तू?"

धर्मशाळेचा आचारी, कोण गेलं म्हणून, पळत बाहेर आला. मास्तरांनी पागोटं उचलून आबांच्या हाती दिलं. मग म्हणाले, "पोराला घरी धाडा. तुम्ही थांबा."

अशा रीतीनं त्या परीक्षेत आमच्या घरचा एक जण पास झाला. राजपुत्राचं काम रंगाऱ्याच्या अमीनला मिळालं. ते हेच आपले अमीनभाई. आई भांडायच्या तयारीनं धुळ्याला आली, आणि राजानं पेरणीआधी शेतावर हजर व्हावं, हे मालकांकडून कबूल करून घेऊनच गप्प बसली.

पहिल्या खेळाला मी आईजवळ सतरंजीवर होतो. तिसऱ्या अंकात दाढीवाले आबा अमीनसमोर गुडघे टेकून बसले, त्याचे खांदे धरले, आणि तीच हाक मारली. फक्त नाव माझं नव्हतं. मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहून, इथं इथं असा हात हलवत ओरडलो, "आबा, मी आठे शे. तो पोऱ्या आपला नई शे."

सगळं थिएटर हसून आडवं झालं. आबांनी अमीनच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि राजेपण विसरून एक हात माझ्या दिशेनं लांब केला. मग हसू आपोआप थांबलं. अमीन पक्का हुशार. नाटकात नसलेलं वाक्य तो शांतपणे बोलला, "पिताजी, त्यालाही बोलवा." मास्तरांनी पडदा ओढला.

मालक खूश. हे पोर रोज सतरंजीवर बसवा, रोज ओरडू दे म्हणाले. सकाळी तालीम झाली. आबा दाढी लावून गुडघ्यावर, मी सतरंजीवर. मी तेच वाक्य पाढा म्हटल्यासारखं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते केळी विकल्यासारखं. मालक म्हणाले, आणखी एकदा. तेव्हा मास्तर उठले.

"मालक, हे पोर मी घेणार नाही. काल त्याला वाटलं, आपला बाप गेला. रात्री तो बापाच्या कुशीत झोपलाय. हे रोज खरं वठायचं तर याचा बाप रोज हरवायला पाहिजे. ते मी शिकवणार नाही." आणि मला म्हणाले, "तुझा बाप तोंड धुवायला आत चाललाय. जा, त्याच्याजवळ बस."

मी गेलो. आबांनी ओल्या हातांनीच मला जवळ ओढलं. दाढीचा गोंद त्यांच्या गालावर अजून चिकटलेला होता, तो मी नखानं काढत बसलो.

मंडळी, पुढं मी वकील झालो. पक्षकारासाठी रोज कळवळून बोलतो, आणि न्यायाधीशांचं माझ्या अभिनयाविषयीचं मत मास्तरांहून फारसं निराळं नाही. पण मास्तर, दोनदा नापास करून तुम्ही मला जे दिलंत, ते पास झालेल्यांनाही मिळालं नसेल.

मास्तर उद्या पाचोऱ्याला लेकीकडे कायमचे जात आहेत. तिथं त्यांनी नातवंडांची परीक्षा घेऊ नये, एवढी प्रार्थना. अध्यक्षांनी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा मी अधिक बोललो. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला थट्टा लागली असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचा ऋणी आहे. आबा पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना आता चार पायऱ्या चढायला आधार लागतो. मास्तरांना हार घालण्याचा मान त्यांना मिळावा. मी हात देतो.