सिस्टरला बंदी असलेला शब्द

“आता अमेरिका साऱ्या जगाला नीती शिकवणार,” महागावच्या धर्मादाय दवाखान्यात बबनरावांनी पेपरातून मान वर काढून जाहीर केलं.

“शिकवू द्या. तुमी जरा सरका, माह्या सुनेले बसू द्या,” कांताबाई म्हणाल्या.

बबनराव सरकले. तान्हं पोर घेऊन दीपा बाकावर टेकली. कांताबाई खिडकीतल्या सिस्टरकडे वळल्या, आणि बबनरावांनी कान तिकडे लावून पेपर तेवढा तोंडापुढे धरला.

“सिस्टर, हिले पुन्हा दिवस गेले. हे पोरगं अजून अंगावर पिऊन राह्यलं. पोट कुठं पाडून देतेत, तेवढं सांगा.”

“मावशी, ते आता सांगता येत नाही.”

“काहून? मांगच्या साली तं चिठ्ठी देत होत्या.”

“दवाखान्याला पैसा अमेरिकेतून येतो. तिथलं सरकार बदललं. आता तो शब्द काढला तरी पैसा बंद.”

“आमच्या कापसाचा भाव पाडला, तवा चालला का हा शब्द त्यायले?”

“ते म्हणतात, पोटातला जीवही जीवच.”

“खोटं नाही म्हणत ते. चार लेकरं झाली मले, तेवढं समजते. पण माही लेक उर्वशीबी जीवच होती. सासरी तिले कोणी डॉक्टर सांगतला नाही. गावातल्याच बाईकडून करून आली अन् तिसऱ्या दिवशी गेली.”

सिस्टरने रजिस्टर उगाच मिटलं. बबनरावांचा पेपर खाली आला होता.

“आत्याबाई, चला घरी,” दीपा म्हणाली.

“थांब. सिस्टर, नाव नका सांगू, पत्ताबी नका सांगू. फक्त कोणत्या एस्टीत बसू, तेवढं सांगा.”