जोडप्याची जागा

(१९४६ चा हिवाळा. मंगरूळपीरजवळचा भाजीचा मळा. प्रयागबाई वांगी तोडते आहे. तिचा नवरा शालिकराम परवाच विलायतेहून आला आहे. धाकटा दीर गुलाबराव बांधावर उभा आहे.)

गुलाबराव : मंग सांगत काहून नाही तिले? मले सांगतलं तसंच सांग ना, दादा.

शालिकराम : सांगतो. तिचं टोपलं तं भरू दे.

प्रयागबाई : टोपलं रोजच भरते. माहे कान रिकामे हायेत. बोला.

शालिकराम : मले वापस जा लागते. पुढच्या महिन्यात जहाज हाय.

प्रयागबाई : बरं.

शालिकराम : बरं काय? तुले घेऊन जातो म्हनतो मी.

प्रयागबाई : कुठी?

शालिकराम : तथीच. स्काटलंडले.

गुलाबराव : ऐकलं, वयनी? दोन सालाच्या बोलीवर गेला होता हा. वाशीमच्या जंगलसाहेबानं पेन्शन घेतली, म्हने शालिकराम, चाल, माह्या गावी बगीचा लावून दे. दोन सालाचे नऊ झाले. अन् आता आला तं दोन दिवसात जहाजाची गोष्ट!

शालिकराम : लढाई लागली, गुलाब. जहाजं बंद होते. मी पोहत येऊ काय?

गुलाबराव : लढाई सरून साल होऊन गेलं.

शालिकराम : तिकीट भेटत नव्हतं. गोऱ्या शिपायाईले बी भेटत नव्हतं.

प्रयागबाई : भाऊजी, तुमी थांबा. मले इचारू द्या. साहेबाच्या बगीच्यातच हाय का तुमी अजून?

शालिकराम : नाही. साहेब तं लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात मेला. मेमसाहेबानं बंगला इकला, लेकीकडे गेली. मंग मी जंगलात लाकूड तोडाच्या कामावर लागलो. सारे गडी मानसं. लाकडाच्या खोपट्यात राहाचं, बर्फात झाडं पाडाचे.

प्रयागबाई : अन् ते काहून सोडलं?

शालिकराम : सोडलं.

प्रयागबाई : काहून, ते इचारलं मी.

शालिकराम : तथी सुदामची खबर आली.

गुलाबराव : ते पत्र मी शाळेच्या मास्तराकून लिवून घेतलं होतं. जवाब नाही आला.

प्रयागबाई : हां. नाही आला. मुदतीच्या तापानं लेकरू गेलं माहं. मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर भाजी घेऊन बसो. लोकाईले वाटे, बाजाराच्या वाटेवर गिऱ्हाईक लवकर भेटते म्हनून बसते.

शालिकराम : पत्र लय उशिरानं भेटलं, प्रयाग. मी हातात कुऱ्हाड घेऊन उभा होतो. वाचलं. अन् सांगू कोनाले? मराठी समजनारा एक मानूस नाही. मुकादमाले इंग्रजीत सांगतलं, माहा पोरगा मेला. तो म्हने, अरेरे. मंग त्यानं मले पुढचं झाड दाखवलं. मले कुऱ्हाड उचलना. दुसऱ्या दिवशी बी उचलना. तवा काम सोडलं.

प्रयागबाई : मंग?

शालिकराम : मंग मेंढ्याच्या कामावर. डोंगरात एक म्हातारा मेंढपाळ होता, त्याच्या घरी खोली भेटली. म्हातारी चांगली होती. तिले मी सुदामचं नाव सांगतलं. ते दर रविवारी गिरजात जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करे. सुदाम म्हनता ये नाही तिले. सूडम, सूडम करे.

प्रयागबाई : तिले सांगतलं. मले जवाब नाही देल्ला.

शालिकराम : लिवाले बसो मी. 'सौभाग्यवती प्रयागले' एवढं लिवो. त्याच्या पुढं काय लिवू ते समजे नाही.

प्रयागबाई : काही बी लिवा लागत होतं. पानी आलं, मेंढी बिमार पडली. मी वाचून घेतलं असतं मास्तराकून.

गुलाबराव : आमाले तं वाटलं, तथी दुसरी ठेवली असन. गावात सारे तेच बोले. मी दोघा-चौघाच्या आंगावर गेलो या बातीवरून. पन मनात तं येतेच, दादा.

प्रयागबाई : ते मलेच इचारू द्या. हाय का दुसरी कोनी?

शालिकराम : नाही.

प्रयागबाई : होती?

शालिकराम : नाही. माय गेल्याची खबर आली तवा मेंढ्याचं बी काम सोडलं. बटाट्याच्या वावरात गेलो. मले असंच झालं पाहा. घरून खबर आली, की ज्या जागेवर ते ऐकली त्या जागेवर मले राहवेच ना.

प्रयागबाई : अन् आता कोनती खबर आली, तुमी आले ते?

शालिकराम : कोनतीच नाही. मागच्या सालापासून काहीच येत नव्हतं. तेच सोसलं नाही.

प्रयागबाई : मीच बंद केलं होतं. मास्तराले म्हनलं, बस झालं आता.

शालिकराम : चाल तू माह्यासंगं. तथी घर भेटते. दगडाचं, पक्कं. दोन खोल्या हायेत. घरात नळ हाय, हिरीवर जा लागत नाही.

प्रयागबाई : घर तुमचं?

शालिकराम : मालकाचं. कामासंगं भेटते.

प्रयागबाई : कोनत्या कामासंगं? बटाट्याच्या?

शालिकराम : नाही. नवी जागा हाय. गाईची. लय मोठा गोठा हाय त्याचा.

प्रयागबाई : तुमी गाई पाहान.

शालिकराम : हां. चारा, शेन, सारं माह्याकडे.

प्रयागबाई : अन् दूध कोन काढन?

गुलाबराव : आता बोल. मले सांगताना हे नव्हतं सांगतलं तू.

शालिकराम : तथी तसंच राह्यते, गुलाब. गडी गाई पाहाते, त्याची बायको धारा काढते. मालक जोडपंच ठेवते.

प्रयागबाई : अन् मी नाही आली तं?

शालिकराम : तं घर नाही. काम बी नाही. तो दुसरं जोडपं पाहान.

प्रयागबाई : म्हंजे मालकानं बाई मांगतली, अन् तुमाले मी आठवली.

शालिकराम : तसं नाही.

गुलाबराव : तसंच हाय! नऊ साल कोन होतं हिच्यापाशी? मी होतो. हा मळा हिनं उभा केला. मंगरूळच्या बाजारात, शेलूबाजारात लोक हिच्या वांग्याची वाट पाहातेत. तू म्हनतो चाल, का ते चालली! मी जाऊ देनार नाही. साफ सांगतो.

शालिकराम : तू कोन जाऊ न देनारा? बायको माही हाय.

गुलाबराव : बायको म्हनते! तिचं तोंड कसं हाय ते तरी याद होतं काय तुले?

प्रयागबाई : चूप बसा दोघं!

गुलाबराव : मी तुह्याच बाजूनं बोलून राह्यलो, वयनी.

प्रयागबाई : नाही, भाऊजी. तुमी मळ्याच्या बाजूनं बोलून राह्यले. तुमी मले अंतर देल्लं नाही, ते मी मरेपर्यंत इसरनार नाही. पन मी गेली तं वांगे कोन तोडन, मिरची कोन खुरपन, हे तुमच्या पोटात हाय. तुमच्या दादाले धारेसाठी हात पायजेत, तुमाले खुरप्यासाठी. तुले काय पायजे, प्रयाग, हे परवापासून एकानं इचारलं काय मले?

गुलाबराव : नाही इचारलं, वयनी.

प्रयागबाई : असू द्या. टोपलं उचला अन् बैलबंडीत ठेवा. बाजाराले उशीर होते.

गुलाबराव : जातो. पन दादा, तिले रडवू नको. एवढंच म्हनतो.

शालिकराम : गेला. लय जीव लावते तुले.

प्रयागबाई : लावते. भांडते बी.

शालिकराम : प्रयाग, तू म्हनली ते उलटं हाय. आधी तू आठवली. एकल्या गड्याले तथी घर देत नाहीत, कोनाच्या तरी खोलीत पडून राहा लागते. म्हनून मी अशी जागा शोधली, जे दोघाशिवाय भेटतच नाही. म्हनलं, मंग तं मले तुले न्याच लागन.

प्रयागबाई : हे खरं हाय, का आता सुचलं?

शालिकराम : थोडं खरं हाय. थोडं आता सुचलं.

प्रयागबाई : हां. हे बाकी खरं बोलले.

शालिकराम : मंग सांग. तुले काय पायजे?

प्रयागबाई : सुदाम गेला तवा तुमी जंगलात रडले, मी इथं रडली. माय गेल्या तवा बी तसंच. एका जागी बसून आपुन एकडाव बी रडलो नाही. अन् तुमी म्हनता, उठ, जहाजात बस. मी तुमाले वळखत नाही आता. परवा तुमी आंगनात उभे राह्यले, तं मले वाटलं कोनी सरकारी मानूस आला.

शालिकराम : तू पदर घेतला डोक्यावर. मी पाह्यलं.

प्रयागबाई : परक्या मानसासंगं मी सातासमुद्रापार जात नाही. गाई किती बी गरीब असो.

शालिकराम : अन् मी इथं थांबलो तं?

प्रयागबाई : ते मी कायले सांगू? मी तुमाले थांबा म्हनत नाही, जा बी म्हनत नाही.

शालिकराम : ते जागा जाईन.

प्रयागबाई : जाईन.

शालिकराम : पुन्हा भेटाची नाही तसली.

प्रयागबाई : तुमी तं सारी उमर जागाच सोडत आले. खबर आली का सोडली.

शालिकराम : हां... हे बी एक खबरच झाली म्हना. उद्या वाशीमले जातो. तार करतो मालकाले, दुसरं जोडपं पाहा म्हनून.

प्रयागबाई : पस्तावान.

शालिकराम : पस्तावन. पन इथं बसून पस्तावन. उन्हाळ्यापर्यंत तं राहातो. मंग तू म्हनशीन तसं.

प्रयागबाई : उद्या तार दुपारी करजा. सकाळी मोटेवर गडी नाही, लसनाले पानी देनं हाय.

शालिकराम : मी धरतो मोट. इसरलो नाही मी.

प्रयागबाई : तुमी इसरले नसान. पन बैल नवे हायेत. तुमचा आवाज वळखत नाहीत ते. पहिलेच दिवशी जोरानं नका हाकलू. जवळ उभं राहून बोलत राहाजा, हळूहळू वळखतीन.